बावन्न पेरांचा खेकडा

हसुमतीबेनच्या नावात हसू होतं, तेवढंच. चेहऱ्यावर मी ते पंधरा वर्षांत तीन-चारदा पाहिलं असेल. तिची-माझी पहिली भेट झाली तीसुद्धा भांडणानेच.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॉलेज नंदुरबार जिल्ह्यातलं, याहून जास्त सांगत नाही. भीती वाटते म्हणून सांगत नाही, असंच समजा. हे वाचून झाल्यावर तुम्ही मला भित्रा म्हणालच, तर ते मी आधीच म्हणून घेतो.

तर त्या दिवशी एक सावळी, उंच, सुती साडीतली बाई आली आणि प्राणिशास्त्राचं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आपटून तिने इकडच्या बोलीत फर्मावलं.

"भाऊ, हाई पुस्तक कपाटमाईन काढा. पोरं हाई वाचीसन नापास व्हतीन."

मी पुस्तक उघडलं. आत एका पानावर एक ओळ पेनाने खोडलेली आणि वर बारीक अक्षरात दुसरी लिहिलेली. पान जपानच्या खोल समुद्रातल्या एका खेकड्याचं होतं. पाय काडीसारखे लांबच लांब, म्हणून त्याला कोळी-खेकडा म्हणतात. पूर्ण वाढलेल्या नराने दोन्ही हात पसरले तर पसारा बारा फुटांपर्यंत जातो. कवच असलेल्या, सांध्यासांध्यांच्या प्राण्यांत एवढा पसारा दुसऱ्या कुणाचा नाही. आधी शास्त्रज्ञ त्याला इतर कोळी-खेकड्यांच्या कुळात मोजायचे. मग तिथून उचलून दुसऱ्या कुळात टाकला. आता त्याला स्वतःचं वेगळं कुळ दिलंय, आणि त्या कुळात आज जिवंत असलेला तो एकटाच. पुस्तकात जुनं कुळ छापलेलं होतं, ते बाईंनी खोडलं होतं.

"लायब्ररीच्या पुस्तकावर पेनाने लिहिता येत नाही," मी म्हटलं.

"चुकीचं छापता येस आन बरोबर लिखता येत नही? कोना कायदा शे हाऊ?"

पुस्तक तसंच कपाटात गेलं, आणि पुढच्या पंधरा वर्षांत अशी चाळीसेक पुस्तकं तिने दुरुस्त केली.

हसुमती पाटील. कळसाडीच्या गुजर पाटलांची मुलगी. घरी कापूस, ऊस, आणि स्वयंपाकघरात अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नाही. अशा घरातल्या मुलीने खेकड्यांवर पीएच. डी. केली होती. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती घरी गेली की आई तिला अंघोळ केल्याशिवाय चुलीकडे फिरकू द्यायची नाही. लग्न केलं नव्हतं. का, ते एकदा आमच्या उपप्राचार्यांनी विचारलं, तेव्हा तिने त्यांना विचारलं, "तुम्ही का केलं?"

आमच्याकडे ती तासिका तत्त्वावर होती. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी सुखी राहावं. जूनमध्ये बोलवायचं, मुलाखतीचं नाटक करायचं, वर्षभर राबवायचं आणि परीक्षा संपली की "या आता" म्हणायचं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच बाई, तेच टेबल, तोच प्रश्न: "स्वतःबद्दल सांगा." पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला दरवर्षी स्वतःबद्दल सांगायला लावायचं! मी असतो तर टेबल उलटं केलं असतं, असं मी घरी बायकोला सांगायचो. घरी.

स्टाफरूममधल्या खुर्चीवर ती कधी बसली नाही. "त्या कायमवालास्न्या शेतस," म्हणायची, आणि डबा प्रयोगशाळेत बरण्यांच्या शेजारी बसून खायची. पर्समध्ये पावडर-कंगव्याच्या जागी एक फूटभर लांबीची स्टीलची पट्टी असे. कुणीही काहीही ठणकावून बोलायला लागलं की ती पट्टी बाहेर यायची. "पहिले मोजा, मंग बोला." विद्यार्थी असो, शिपाई असो, प्राचार्य असोत, वाक्य तेच आणि आवाजही तोच.

खेकडे ती स्वतः आणायची. आठवडे बाजारात डोंगराकडच्या बाया टोपलीत काळे खेकडे घेऊन बसतात, त्यांच्याकडून निवडून घ्यायची आणि कापडी पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी कळसाडीहून एसटीने निघायची. एकदा पिशवीचं तोंड सुटलं. मी त्याच बसमध्ये होतो, म्हणून हे सांगतोय ते ऐकीव नाही. एक खेकडा बाकाखालून निघाला आणि आडवा चालत थेट कंडक्टरच्या बुटाशी गेला. बायका पाय वर घेऊन किंचाळल्या. एका म्हाताऱ्याने चप्पल उगारली.

"ओ बाबा, चप्पल खाले ठेवा!" हसुमतीबेन अशी कडाडली की ड्रायव्हरने ब्रेक मारला. खाली वाकून तिने खेकडा पाठीकडून दोन बोटांत धरला आणि उलटा करून साऱ्या बसला दाखवला. "दखा. पोटवरलं झाकण चिंचोळं शे. म्हणजे नर. रुंद ऱ्हातं ते मादी ऱ्हाती. पोटजोडे अंडा सांभाळना पडतस ना तिले."

"बाई, त्याले तिकीट लागी," कंडक्टर म्हणाला.

"कसानं तिकीट? तो बठा कोठे? उभाच शे, मन्हामायक."

बस हसली. ती हसली नाही. तिला खरोखरच जागा मिळाली नव्हती.

शिकवायची मात्र अशी की पोरं जन्मात विसरणार नाहीत. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की एक आख्खा ऊस घेऊन वर्गात यायची. "खेकड्याचा पाय म्हणजे ऊस समजा. पेर, सांधा, पेर, सांधा. पाय सात पेरांचा. त्यातली दोन पेरं एकमेकांत सांधून गेलीत, म्हणून बोट फिरवाल तेव्हा सहाच लागतील. परीक्षेत सात लिहा, हाताला सहा लागू द्या." मग ऊस गुडघ्यावर मोडायची. "खेकडा संकटात सापडला तर स्वतःचा पाय टाकून देतो. पण कुठूनही नाही. बुडाजवळ एक ठरलेली रेघ असते, तिथूनच. तिथे जखम लगेच मिटते, आणि कात टाकताना तिथूनच नवा पाय फुटतो." तास संपला की तो ऊस वर्गात वाटून खायचा. शेतकऱ्यांची पोरं ती. ऊस रोजच खात होती, तरी त्यासाठी भांडायची.

मग तो खेकडा आला. आमचा एक माजी विद्यार्थी जहाजावर नोकरीला आहे. त्याने जपानमधून वाळवलेला कोळी-खेकडा खोक्यात घालून कॉलेजला भेट पाठवला. धड वेगळं, पाय वेगळे, काही पाय वाटेत सांध्यांवर निखळलेले, सगळं कागदात गुंडाळलेलं. ऑफिसने खोकं उघडलं, नाक दाबलं आणि अडगळीच्या खोलीत टाकायला सांगितलं. ते खोकं दोन्ही हातांत उचलून जिना चढताना मी हसुमतीबेनला पाहिलं. ती तेव्हा हसत होती.

दोन महिने ती तास संपल्यावर ते जोडत बसायची. तीन टेबलं एकाला एक लावली होती. सायकलवाल्याकडून स्पोकच्या जुन्या तारा आणून पोकळ पायांतून ओवायच्या आणि सांधे चिकटवायचे. मी संध्याकाळी लायब्ररी बंद करून जायचो आणि पाय धरून बसायचो. एकदा मागचा एक पाय तिने चिकटवायला घेतला, तेवढ्यात रमिला नावाची एक विद्यार्थिनी बोलली. तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरची मुलगी, वर्गात तोंड उघडायची नाही.

"मॅडम, हा पाय त्या बाजूचा आहे."

"कशावरून?"

"आम्ही ओढ्यात पकडतो ना. पाय मुडपला की पुढं येतो. हा मागं जातोय."

हसुमतीबेनने पाय मुडपून पाहिला. मग दुसऱ्या दिवशी रमिलाला स्टुलावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला तिच्याकडून तो पाय शिकवला. "मी पीएच. डी. शे, आन मी चुकनू. हिले इचारा." स्वतःची चूक एवढ्या आनंदाने सांगणारं माणूस आमच्या कॉलेजात दुसरं नव्हतं.

जोडून झाला त्या दिवशी तिने पट्टी माझ्या हातात दिली. "भाऊ, तुम्ही मोजा. मन्हं मोजेल चालाव नही, दुसरानं पाहिजे." मी मोजलं. दहा पाय, प्रत्येकी सहा पेरं, साठ. पसारा साडेदहा फूट. नाशपतीसारखं पुढे निमुळतं होत गेलेलं धड, दोन डोळ्यांमध्ये काटे, आणि पुढचे दोन चिमट्यांचे हात चालायच्या पायांपेक्षाही लांब, म्हणजे नर. तिने सगळं कार्डावर लिहिलं, नव्या कुळासकट, आणि कार्ड धडाशेजारी ठेवलं. मला ते जनावर सुंदर वाटलं.

पुढच्या वर्षी मूल्यांकन समिती येणार असं ठरलं आणि कॉलेजचं लग्नघर झालं. भिंतींना रंग, भाड्याच्या कुंड्या, कधीही न भरलेल्या बैठकांचे अहवाल. संस्थेचे अध्यक्ष फिरत फिरत प्रयोगशाळेत आले, खेकडा पाहून थबकले. "हाई खाले पाहिजे. दरवाजासमोर. येताखेपी दिसाले पाहिजे."

हसुमतीबेनने सांगितलं, बारा फुटांचं कपाट लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. दरवाजासमोरच्या दोन खांबांमध्ये जागा होती आठ फूट.

दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी ती लायब्ररीच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, आठे या."

काचेचं कपाट झकास झालं होतं. आत दिवे, खाली लाल मखमल, वर पितळी पाटी: 'महाकाय खेकडा, बारा फूट', आणि कुळाच्या जागी जुनंच कुळ. खेकडा मात्र काहीतरी भलताच, बुटका आणि फुगीर.

"मोजा."

मी काचेला नाक लावून पायांची पेरं मोजली. दोनदा मोजली. बावन्न.

आठही चालायच्या पायांचं चौथं, सगळ्यांत लांब पेर कापून काढलं होतं आणि वरचा भाग खालच्या भागाला चिकटवून दिला होता. पुढचे दोन हात मुडपून पोटाशी बसवले होते. सुतार तिथेच बिजागऱ्यांना तेल देत होता. त्या बिचाऱ्याने काही लपवलं नाही.

"बेन, माले सांगं का आठ फूटमा बसाड. मंग मधला पेर काढी टाका. दोन्हीबाजू सारखं कराले पाहिजे ना. ऊसनं बेणं तोडतस तसं साफ तोडं, दखा, एक भी चीर नही."

खरंच एकही चीर नव्हती. त्याचं काम चोख होतं. त्याच्यावर ती ओरडली नाही. "काढेल पेरं कोठे शेतस?" एवढंच विचारलं.

"कचरासंगे जळी गयात."

खेकड्याला स्वतःचा पाय टाकायचा असेल तर तोसुद्धा ठरलेल्या रेघेवरून टाकतो. आणि आमच्या विद्यामंदिराने एक भिंत पुढे-मागे करायचं सोडून, कपाट दुसरीकडे ठेवायचं सोडून, जनावर कापलं! खुर्चीत बसत नाही म्हणून माणूस कापायचा प्रसंग आला असता तर यांनी तोही सुटीत उरकला असता.

ती प्राचार्यांकडे गेली. मी बाहेर उभा होतो, दार उघडंच होतं.

"मॅडम, समिती काय पेरं मोजत बसणार आहे का?" प्राचार्य म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, जूनमध्ये तुमच्या विषयाची कायम जागा भरायची आहे. पंधरा वर्षांनी निघालीय. तुमचंच नाव आहे. एवढा एक दिवस शांत राहा."

ती सेहेचाळीस वर्षांची होती. पुन्हा पंधरा वर्षं थांबायला वय नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि प्राचार्यांनाही. त्या दिवशी ती माझ्याकडे आली. "भाऊ, मन्ही माय सांगस, गप ऱ्हाय," ती म्हणाली. मीही तेच सांगितलं. खेकडा तर मेलेलाच आहे, म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तकं आवरायला उठलो.

आणि ती गप्प राहणारही होती. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. समितीच्या दिवशी तिला गुलाबपाण्याचं तबक धरून शेवटच्या रांगेत उभं केलं होतं, आणि ती ते धरून निमूट उभी होती. पण समितीतल्या एक वयस्क बाई कपाटापाशी थांबल्या. पाटी वाचली, कपाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बारा फुटांचा खेकडा एवढ्याशा कपाटात कसा?"

"मुडपून बसवलाय," प्राचार्य म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायचं की नाही! कौतुकाने पुढे म्हणाले, "आमच्या पाटील मॅडमनी स्वतःच्या हाताने तयार केलाय हो. अगदी असाच्या असा."

हसुमतीबेनने तबक खाली ठेवलं.

"मी केला तो हा नाही," ती म्हणाली. वर्गातल्या शुद्ध भाषेत, वर्गातल्याच आवाजात. "संघ संधिपाद, गट कवचधारी, गण दशपाद. पाटीवरचं कुळ जुनं आहे. लांबी बारा फूट लिहिलीय ती खोटी आहे. साडेदहा होती. चालायच्या प्रत्येक पायाचं चौथं पेर करवतीने काढून जाळलंय. साठ पेरं होती, आता बावन्न आहेत. असा प्राणी जगातल्या कुठल्याच समुद्रात नाही. हा आपल्या कॉलेजात बनवलाय."

प्राचार्य हसायला लागले. "मॅडम जरा भावनाप्रधान आहेत." अध्यक्षांनी पाठ फिरवली. त्या वयस्क बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांत जवळ मी उभा होतो, ग्रंथालयाची फाइल छातीशी धरून.

"तुम्ही इथलेच ना? खरं आहे का हे?"

मी मोजलं होतं. साठही मीच मोजली होती आणि बावन्नही. माझी नोकरी कायम होती, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं.

"मी लायब्ररीचा माणूस, मॅडम," मी म्हणालो. "मला त्यातलं काही कळत नाही."

समिती पुढे गेली. आठवड्याने प्राचार्यांनी हसुमतीबेनला बोलावलं. पाटीवरची माहिती बरोबर होती, माझ्या बोलण्यात चूक झाली, असं एका ओळीत लिहून द्या, म्हणजे निदान तासिका तरी चालू राहतील. तिने कागद घेतला आणि एकच ओळ लिहिली: पेरं बावन्न आहेत. जूनमध्ये कायम जागेच्या मुलाखतीचं पत्र तिला आलंच नाही. तासिकेचंही आलं नाही.

जुलैमध्ये ती लायब्ररीची पुस्तकं परत करायला आली. मी सकाळपासून वाट पाहत होतो. तिने मला शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती. काय काय बोलेल ते सगळं मनात ठरवून ठेवलं होतं, आणि ते सगळं खरं होतं. तिने सात पुस्तकं टेबलावर ठेवली. हळूच ठेवली. मी नोंद करत गेलो.

"बेन, त्या दिवशी मी..."

"राहू द्या ना, सर," ती म्हणाली. "झालं का सगळं? निघते मग."

पंधरा वर्षांत तिने मला पहिल्यांदाच सर म्हटलं, आणि तेही असं गोड, शुद्ध भाषेत, ऑफिसातल्या माणसाशी बोलतात तसं. मी मान हलवली. ती गेली.

मी खिडकीशी आलो. मैदानात माळी गुलाबाच्या कुंडीत पाइप सोडून विडी ओढत बसला होता आणि कुंडीतून पाणी वाहत होतं. हसुमतीबेन जाता जाता थांबली. पाइप हिसकावून तिने बाजूला केला आणि अशी कडाडली की दोन मजले वर मला शब्द न् शब्द ऐकू आला: "मूळ सडी जाई ना त्यानं! किती सांगं तुले? आठे ये, बोट घाल मातीमा, दख!" तो पोक्त माळी खाली मान घालून उठला आणि तिच्यासमोर उकिडवा बसून कुंडीत बोट घालायला लागला. ती त्याला बराच वेळ रागावत होती.

त्याच्यावर रागावली. माझ्यावर नाही.